व्यायामात बँड पावलं चुकीची मोजतोय? बँड बदलण्याआधी हाताकडे बघा

पुण्यात तळजाई टेकडीवर रोज सकाळी फिरणाऱ्या आमच्या गटात पंधरा-सोळा जण आहेत आणि जवळजवळ प्रत्येकाच्या मनगटावर बँड किंवा स्मार्टवॉच आहे. माझी नोकरी भोसरीतल्या एका कारखान्यात गेज, म्हणजे मापं घेण्याची उपकरणं, तपासण्याच्या खात्यात झाली. मायक्रोमीटर, व्हर्नियर, डायल गेज मास्टरशी, म्हणजे अचूक मापाच्या नमुन्याशी, ताडून पाहायचे आणि खरं मोजणारे पुढे पाठवायचे, हेच माझं काम होतं. हे गटात कळल्यापासून "पावलं चुकीची दाखवतोय, जरा बघता का?" म्हणत लोक बँड माझ्या हातात देतात. आजवर असे तीसेक तरी पाहिले असतील. त्यातले खरोखर बिघडलेले फक्त दोन निघाले. बाकीचे सगळे घरच्या घरी, एक पैसाही खर्च न करता ठीक झाले. म्हणून क्रम सगळा लिहून ठेवते आहे. नवा बँड घेण्याआधी एकदा यातून जा.

लक्षणं कोणती?

तक्रारी साधारण अशा येतात:

- ट्रेडमिलवर चाळीस मिनिटं चाललं, घाम आला, बँडवर जेमतेम हजार पावलं.
- बागेत चालताना आकडा बरोबर येतो, भाजी घेऊन घरी येताना मात्र वाढत नाही.
- स्कूटरवरून हडपसरला जाऊन आलं की न चालताच पावलं जमा झालेली असतात.
- पोळ्या लाटल्या, भांडी घासली, ढोल वाजवला की पावलं वाढतात.
- बँडच्या पडद्यावर एक आकडा आणि फोनमधल्या ॲपमध्ये दुसराच.
- पावलं पटतात, पण किलोमीटर पटत नाहीत.
- घरातल्या म्हाताऱ्या माणसाचा बँड जवळजवळ काहीच मोजत नाही.
- कालपर्यंत ठीक होता, आज आकडा एकाच जागी अडकलाय.

आणखी एक तक्रार येते, पण तो बिघाड नाही. नवरा-बायको शेजारी शेजारी पाच किलोमीटर चालतात आणि दोघांच्या आकड्यांत सहा-सातशेचा फरक पडतो. १६० सेंटीमीटर उंचीच्या माणसाचं पाऊल साधारण ६६ सेंटीमीटर पडतं, १७५ वाल्याचं ७२ च्या आसपास. पाच किलोमीटरला पहिल्याला साडेसात हजार पावलं लागतात, दुसऱ्याला सात हजारांच्याही आत. दोन्ही बँड खरंच सांगत असतात.

बँड नेमकं काय मोजतो?

हे एकदा समजलं की पुढचं सगळं सोपं जातं. मनगटावरच्या बँडला तुमचे पाय दिसत नाहीत. त्याच्या आत एक बारीकसा सेन्सर असतो, त्याचं नाव अ‍ॅक्सेलरोमीटर. वर-खाली, पुढे-मागे आणि आडवा अशा तिन्ही दिशांना मनगटाचा वेग कसा बदलतो, एवढंच तो टिपतो. चालताना एक हात दोन पावलांत एकदा पुढे जाऊन मागे येतो. शिवाय पाय टेकला की प्रत्येक वेळी एक हलकासा धक्का अंगभर जातो आणि तो मनगटापर्यंत पोचतो. मिनिटाला ११० पावलं चालत असाल, तर हाताचे ५५ झोके आणि ११० धक्के. ही ठरावीक लय दिसली की आतला प्रोग्रॅम म्हणतो, "माणूस चालतोय", आणि पावलं जमा करतो.

म्हणजे बँड पायांचा हिशेब हातावरून मांडतो. हात थांबला की हिशेब चुकतो, आणि पाय थांबले असताना हात लयीत हलला तरी चुकतो. तक्रारींतल्या बहुतेक सगळ्या या दोन वाक्यांत बसतात. म्हणून मी बँड हातात घ्यायच्या आधी माणसाला चालायला सांगते आणि मागून त्याचे हात बघते.

पहिली तपासणी: स्वतः २०० पावलं मोजा

खर्च शून्य, वेळ दहा मिनिटं. आणि ही टाळून पुढे जाऊ नका. "कमी दाखवतोय" असं सांगणाऱ्या दहातल्या निम्म्यांनी खरी पावलं किती हे कधीच मोजलेलं नसतं. कशापेक्षा कमी, हेच माहीत नसेल तर दुरुस्ती कशाची करणार? कारखान्यात गेज मास्टरशी ताडतात. इथे मास्टर म्हणजे तुमची स्वतःची मोजणी.

सपाट, सरळ रस्ता घ्या. टेकडीचा चढ नको, गर्दीची बाग नको, कारण तिथे दर दहा पावलांना थांबावं लागतं. बँडवरचा आकडा कागदावर लिहा. मग नेहमीच्या चालीने, हात मोकळे सोडून २०० पावलं चाला. सगळी पावलं मोजताना गोंधळ होतो, म्हणून फक्त उजवा पाय मोजा: उजवा शंभर झाला की दोनशे झाली. त्याहून बरं म्हणजे नामजपासाठी बोटात घालायचा तो छोटा काउंटर मिळतो, तो सोबतच्या माणसाला द्या. तुम्ही चाला, त्याने शेजारून चालत तुमच्या उजव्या पायाला एकेकदा बटण दाबावं. म्हणजे तुमचं लक्ष मोजण्यात अडकत नाही आणि चाल नैसर्गिक राहते. मोजत चालणारा माणूस नकळत ताठ चालतो, हे मी अनेकदा पाहिलंय.

थांबल्यावर लगेच आकडा वाचू नका, मिनिटभर थांबा. बरेच बँड पहिली आठ-दहा पावलं नुसती बघत राहतात, खरंच चालणं आहे अशी खात्री झाली की ती एकदम जमा करतात. काही बँड पडद्यावरचा आकडाही थोड्या थोड्या वेळाने बदलतात. घाई केली तर नसलेली चूक दिसते.

हेच तीनदा करा. एकदा करून काही कळत नाही. तीन वेळा १८६, १८८, १८५ आले तर बँड थोडा कमी मोजतो, पण एकसारखा मोजतो. असं गेज मी बिनधास्त वापरलं असतं, कारण त्याची चूक माहीत आहे. तुम्हाला कालच्यापेक्षा आज जास्त चाललात का हे बघायचं असेल, तर असा बँड अगदी योग्य आहे. पण १९८, १६०, २३० असे आले तर सरासरी जवळपास बरोबर दिसते आणि बँड मात्र भरवशाचा नाही. मोकळ्या चालीत २०० ला दहा पावलं इकडे-तिकडे झाली तर मी ते ठीक समजते. तिन्ही वेळा त्या आत असाल तर बँड चांगला आहे. चूक व्यायामाच्या वेळी हात कुठे असतो त्यात आहे. पुढचा भाग नीट वाचा.

दुसरी तपासणी: व्यायाम करताना हात कुठे असतो?

माझ्याकडच्या निम्म्याहून जास्त तक्रारी इथेच संपल्या, म्हणून जरा सविस्तर सांगते.

ट्रेडमिल सगळ्यात आधी. समोरचा दांडा धरला की मनगट स्थिर होतं. झोका गेला, उरला फक्त पट्ट्याचा आणि मोटरचा थरथराट, त्यात पावलाचा धक्का हरवतो. आमच्या गटातल्या एक वहिनी पावसाळ्यात सोसायटीच्या जिममध्ये चालतात. त्यांच्या ट्रेडमिलवर मी २०० ची चाचणी घेतली: दांडा धरून ४१, सोडून १९४. बँड तोच, मनगट तेच, वेग तोच. त्यांनी दांडा धरला होता तो पडायच्या भीतीने. म्हणून आधी वेग इतका कमी केला की दांडा सोडून चालताना भीती वाटणार नाही, आणि आठवडाभरात तो हळूहळू वाढवला. ज्यांना तोल जाण्याचा खरा त्रास आहे त्यांनी मात्र आकड्यासाठी दांडा अजिबात सोडू नये. त्यांनी फोन पँटच्या खिशात ठेवावा आणि फोनची पावलं बघावीत. खिशातला फोन मांडीबरोबर हलतो, दांड्याशी त्याचा संबंध नाही.

बाकी ठिकाणी हेच वेगवेगळ्या रूपात दिसतं. चालता चालता फोनवर बोलणं, हातात भाजीची जड पिशवी, बाळाची गाडी ढकलणं, कुत्र्याचा पट्टा धरणं, डिसेंबरच्या पहाटे हात जॅकेटच्या खिशात. यावर सोपा उपाय म्हणजे बँड मोकळ्या हातात घालायचा. फोन उजव्या हातात धरायची सवय असेल तर बँड डावीकडे. पिशवी हात बदलत धरत असाल तर त्या वेळी थोडी पावलं बुडणार हे धरून चाला.

सिंहगडावर आतकरवाडीच्या वाटेने चढताना काठी वापरत असाल, तर काठीच्या हातात बँड नको. काठी दर पावलाला टेकत नाही, दोन-तीन पावलांनी टेकते, त्यामुळे त्या हाताची लय पायांशी जुळत नाही. उंच पायऱ्यांवर मांडीवर हात ठेवून चढलात तरी तेच होतं. मजल्यांचा आकडा वेगळा. बँडमध्ये हवेचा दाब मोजणारा सेन्सर असेल तर तो साधारण तीन मीटर चढाला एक मजला धरतो, त्याचा हाताशी संबंध नाही. म्हणून गडावर पावलं कमी आणि मजले बरोबर दिसले तर घाबरू नका.

वारीचं उदाहरण मला फार काही शिकवून गेलं. पुणे ते सासवड हा माउलींच्या पालखीचा टप्पा मोठा, तीस किलोमीटरच्या आसपास, त्यात दिवे घाट. आमच्यातले तिघे एका दिंडीबरोबर हा टप्पा चालले. एकाच्या हातात टाळ, दुसऱ्याच्या खांद्यावर पताका, तिसऱ्याचे हात मोकळे. रात्री तिघांचे आकडे ताडून पाहिले तर पताकावाल्याचे सगळ्यात कमी, कारण काठी धरलेला हात छातीशी स्थिर. टाळवाल्याचा आकडा तर पायांचा नव्हताच, तो अभंगाच्या ठेक्याचा होता: दिंडी थांबली तरी टाळ चालू. तिघे तेवढेच चालले होते. त्या दिवसाचा आकडा कुणाचा खरा, असा वाद तिथे सुरू झाला होता. मी मोकळ्या हातवाल्याचा धरायला सांगितला.

आता उलटी बाजू, न चालता वाढणारी पावलं. खड्डे आणि गतिरोधकांवरून दुचाकी उडत गेली की हँडलवरच्या मनगटाला बसणारे धक्के कधी कधी चालण्यासारखे दिसतात. पोळ्या लाटताना, कणीक मळताना, कपडे घासताना हात लयीत पुढे-मागे जातो. गणपतीआधी नदीकाठी ढोल-ताशाचे सराव सुरू झाले की पथकातली मुलं-मुली सांगतात, आज वीस हजार झाली. ढोलाच्या टिपरूचा हात आणि ताशाच्या काड्यांचे हात बँडला धावत्या माणसासारखे वाटू शकतात. तो व्यायाम आहेच, चांगला दमवणारा आहे, पण ती पावलं नाहीत. अशा वेळी दोनच गोष्टी करा: बँड काढून ठेवा, किंवा सुरू करताना आणि संपताना आकडा लिहून घ्या आणि मधला वजा करा. सायकल चालवत असाल तर बँडवर सायकलिंगचा मोड लावा, काही घड्याळं त्या मोडमध्ये पावलं मोजणं थांबवतात. वजनं उचलणं, सूर्यनमस्कार, योगासनं यांत पावलांचा आकडा बघूच नका. तिथे वेळ आणि आवर्तनं मोजा.

वयस्कर माणसांचा बँड हा माझ्या मनाला लागणारा विषय आहे. हळू, पाय घासत, छोटी पावलं टाकत चालणाऱ्या माणसाच्या पावलाचा धक्काच इतका मंद असतो की तो मनगटापर्यंत पोचत नाही. वॉकर धरला असेल तर हातही हलत नाही. मुलं परगावाहून ॲपमध्ये आकडा बघतात आणि फोनवर रागावतात, "आज तुम्ही चाललाच नाहीत." आणि आजी बिचारी सोसायटीच्या आवारात अर्धा तास चालून आलेली असते. अशा घरांत मी मुलांना सांगते, पावलं बघू नका, किती मिनिटं चालली ते विचारा.

तिसरी तपासणी: पट्टा आणि कुठलं मनगट

पट्टा सैल असेल तर बँड हाताच्या हालचालीबरोबर स्वतःही हिंदकळतो. विशेषतः धावताना तो मनगटाच्या हाडावर आपटतो आणि एका पावलाला दोन धक्के नोंदले जाऊ शकतात. मनगटाचं हाड असतं त्याच्या एक बोट वर, कोपराच्या दिशेने बांधा. पट्ट्याखाली एक बोट जेमतेम जाईल इतका घट्ट. व्यायाम संपला की सैल करा, त्वचेला वारा लागू द्या.

इथे एक गैरसमज फार आढळतो. मागचा हिरवा दिवा पावलं मोजत नाही, तो नाडीसाठी आहे. घाम, गोंदण, काचेवरचा मळ यांनी नाडीचा आकडा बिघडतो, पावलांचा नाही. काच पुसून पावलं सुधारणार नाहीत.

मग सेटिंग. बहुतेक ॲपमध्ये बँड डाव्या हातात की उजव्या, हे सांगावं लागतं. फिटबिटसारख्या काहींत कामाचा हात की दुसरा, असं विचारतात. कामाचा हात निवडला तर बँड जरा कमी संवेदनशील होतो, कारण तो हात दिवसभर इतर कामांतही हलत असतो. म्हणून उजवखोऱ्या माणसाने बँड डावीकडे घालून सेटिंग उजवीकडचं ठेवलं तर पावलं कमी येऊ शकतात. घरकामात पावलं जास्त येत असतील तर हेच सेटिंग मुद्दाम कामाच्या हाताचं करून बघा. बदलल्यावर २०० ची चाचणी पुन्हा. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर गुण कशाने आला ते कळत नाही.

चौथी तपासणी: बँडचा आकडा आणि ॲपचा आकडा

दोन्ही शेजारी ठेवून वाचा. बँडवर ६,२०० आणि ॲपमध्ये ४,१०० असेल तर मोजणी ठीक आहे, पोचवणं अडलंय. ॲप उघडून खाली ओढा, ब्लूटूथ बंद करून चालू करा. अँड्रॉइड फोन बॅटरी वाचवायला मागे चालणारी ॲप बंद करतात. त्या ॲपला बॅटरीच्या सेटिंगमध्ये मोकळीक द्या. फोन बदलल्यानंतर ही तक्रार हमखास येते.

ॲपमध्ये आकडा बँडपेक्षा जास्त असेल तर फोन आणि बँड दोघांची पावलं एकत्र होत आहेत का बघा. सॅमसंग हेल्थमध्ये फोनची, घड्याळाची आणि सगळी मिळून अशी वेगळी निवड असते. आयफोनच्या हेल्थमध्ये कुठल्या उपकरणाला आधी मानायचं तो क्रम लावता येतो. तुम्ही कुठला आकडा वाचताय, एवढं आधी ठरवा. आणि बँडची तारीख-वेळ चुकलेली असेल तर मध्यरात्रीच्या ऐवजी भलत्याच वेळी आकडा शून्य होतो, तेही पाहून घ्या.

पाचवी: पावलं बरोबर, किलोमीटर चूक

जीपीएस नसेल तर बँड पावलांना पावलाच्या लांबीने गुणतो. ती लांबी तो उंचीवरून काढतो, उंचीच्या साधारण ४१ टक्के. प्रोफाइलमध्ये १६० च्या जागी १७५ पडलं असेल तर दहा हजार पावलांत सहाशे-सातशे मीटर जास्त दिसतात. उंची दुरुस्त करा. जमलं तर ४०० मीटरच्या ट्रॅकवर आतल्या लेनमधून दोन फेऱ्या मारा, पावलं मोजा आणि ८०० ला पावलांनी भागा. आलेली लांबी ॲपमध्ये भरता येत असेल तर भरा.

सहावी तपासणी: रीस्टार्ट, अपडेट, कॅलिब्रेशन (माप जुळवणं)

आकडा एकाच जागी अडकला असेल तर आधी पूर्ण चार्ज करा, मग रीस्टार्ट. बॅटरी वाचवण्याचा मोड चालू असेल तर बंद करा. अपडेट आलेला असेल तर घ्या, पण घरी, चार्जरवर ठेवून. पावलं ओळखणारा प्रोग्रॅम या अपडेटमधून बदलू शकतो, म्हणून अपडेटनंतर अचानक आकडे कमी-जास्त झाले तर पुन्हा २०० मोजून नवी चूक किती ते लिहून ठेवा.

अ‍ॅपल वॉचसाठी मोकळ्या, सपाट जागी जीपीएस चालू ठेवून, बाहेरच्या चालण्याचा वर्कआउट लावून वीसेक मिनिटं चालायचं असतं, म्हणजे ते तुमच्या चालीला सरावतं. गार्मिनच्या ट्रेडमिल मोडमध्ये शेवटी यंत्रावरचं अंतर भरून कॅलिब्रेट करता येतं. दोन्हींचा मुख्य फायदा अंतराला होतो. फॅक्टरी रीसेट, म्हणजे सगळं पुसून बँड नव्यासारखा करणं, सगळ्यात शेवटी, आणि त्याआधी ॲपमध्ये सगळं पोचलंय याची खात्री करून. एका काकांचा दोन वर्षांचा हिशेब घाईत पुसला गेला, त्यांना फार वाईट वाटलं होतं.

सातवी: जागा बदलून बघा

मनगट जमतच नसेल तर कंबर. पावलं मोजण्याचं यंत्र मुळात कंबरेचंच होतं. जपानमध्ये १९६५ साली आलेल्या अशा यंत्राचं नाव होतं "मानपो-केइ", म्हणजे दहा हजार पावलांचं मापक, आणि आज आपण ज्या दहा हजारांच्या मागे असतो तो आकडा त्या नावातून रुजला. कंबर प्रत्येक पावलाला वर-खाली होते, दांडा धरा की पिशवी. कंबरेला लावायचं साधं पेडोमीटर किंवा खिशातला फोन, दोन्ही चालतं. हळू चालणाऱ्यांसाठी मी बँड सैलसर पट्ट्याने घोट्याला बांधून पाहिलाय, वॉकर वापरणाऱ्या एका आजींचा आकडा त्याने जमला. पण घोटा दोन पावलांत एकदाच पुढे जातो, त्यामुळे काही बँड तिथे निम्मंच मोजतात. दुप्पट करायचं का, ते २०० ची चाचणी सांगेल. रक्ताभिसरणाचा किंवा पायावर सूज येण्याचा त्रास असेल तर घोट्याला काही बांधू नका.

आठवी तपासणी: सेन्सरच गेलाय का?

इथपर्यंत येऊनही आकडे भरकटत असतील तरच. बँड रात्री टेबलावर ठेवा, सकाळी आकडा बघा. मध्यरात्री आकडा शून्य होतो, म्हणून सकाळीही शून्यच दिसायला हवा, एकही पाऊल वाढता कामा नये. वाढलं तर सेन्सर किंवा प्रोग्रॅम बिघडलाय, किंवा बँड नकली आहे. मग मनगट उचलल्यावर पडदा उजळण्याचं सेटिंग चालू करून बघा. त्यालाही हालचाल ओळखणारा हाच सेन्सर लागतो. पडदा उजळतो म्हणजे सेन्सर जिवंत आहे, पुन्हा सेटिंगकडे वळा. पडदाही उजळत नाही आणि पावलंही हलत नाहीत, तर तुमचं काम संपलं. शेवटी, जमल्यास दुसऱ्या कुणाचा चांगला बँड त्याच मनगटावर शेजारी बांधून २०० पावलं चाला. दोघांचा मोठा फरक तीनदा आला तर तो पुरावा दुकानात दाखवता येतो.

कधी थांबायचं?

पडदा किंवा मागची बाजू वर उचललेली दिसली, बँड फुगल्यासारखा वाटला, चार्ज करताना चटका बसेल इतका तापला, तर लगेच काढा आणि पुन्हा चार्जिंगला लावू नका. आतली लिथियमची बॅटरी फुगलेली असू शकते. ती दाबायची नाही, टोचायची नाही, कचऱ्याच्या डब्यात टाकायची नाही. सेवा केंद्रात किंवा ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या. काचेच्या आत बाष्प दिसलं तरी थांबा.

बँड स्वतः उघडू नका. तो चिकटवून बंद केलेला असतो. एकदा उघडला की पाणी रोखण्याची खात्री गेली आणि वॉरंटीही गेली. वॉरंटीत असेल तर बिल, तिन्ही चाचण्यांचे आकडे आणि टेबलावरच्या रात्रीचा आकडा घेऊन अधिकृत सेवा केंद्रात जा. "नीट चालत नाही" म्हणण्यापेक्षा "२०० ला १६०, १९८, २३० देतो" म्हटलं की काउंटरवरचं बोलणं लवकर मुद्द्यावर येतं. मनगटावर पुरळ, खाज, लाली आली तर पट्टा काढा, आणि दोन-चार दिवसांत उतरली नाही तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

आणि एक थांबण्याची जागा अशी आहे की तिथे बँडचा काही दोष नसतो. गेल्या वर्षी आमच्या गटातल्या एका काकांनी बँड आणून दिला, डाव्या हातात २०० ला १३० येत होते. पट्टा बरोबर, सेटिंग बरोबर. उजव्या हातात बांधला तर १९१. माझ्या हातात बांधला तर डावीकडेही १९५. मग मी त्यांच्या मागून चालले. डावा हात कोपरात किंचित वाकलेला, अंगाजवळ धरलेला, झोकाच नव्हता. ते म्हणाले, "खांदा धरलाय, जाईल." असेलही. पण चालताना एका बाजूचा हात हलायचा कमी होणं, पावलं आखूड होणं, पाय घासणं, हे सांध्याचं दुखणं असू शकतं, पक्षाघाताचा सौम्य झटका येऊन गेलेला असू शकतो, पार्किन्सन्सच्या सुरुवातीची खूणही असू शकते. ते ओळखणं माझं काम नाही, तुमचंही नाही, बँडचं तर नाहीच. हा बदल अचानक झाला असेल, सोबत तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं, हातात ताकद नसणं असं काही असेल, तर वाट न बघता रुग्णालय गाठा. हळूहळू झाला असेल तर आधी घरच्या डॉक्टरांकडे, ते सांगतील तसं मज्जासंस्थेच्या डॉक्टरांकडे.

मी त्याच दिवशी काकूंना फोन केला आणि तिन्ही आकडे सांगितले. आठवडाभरात ते डॉक्टरांना दाखवून आले, काय निघालं ती त्यांची खासगी गोष्ट आहे. उपचार वेळेत सुरू झाले. तेव्हापासून माझ्याकडे आलेला प्रत्येक बँड मी दोन्ही मनगटांवर तपासते, आणि फरक २०० ला वीस-पंचवीसच्या वर गेला तर बँड बाजूला ठेवून माणसाकडे बघते. काका अजून रोज येतात. बँड आता उजव्या हातात असतो आणि २०० ला १९० च्या आसपास देतो.